ती कॅसेट भंगारात देऊ नका

ब्रिस्टल, रविवार

ती. बाबा आणि आई,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली की दिवाळीआधी रंग काढायचाय, माळा रिकामा करतोय, जुन्या कॅसेटी भंगारवाल्याला देणार. द्या. एक सोडून. टीडीकेची नव्वद मिनिटांची आहे, वर माझ्या अक्षरात 'भौतिकशास्त्र – प्रश्नोत्तरे' लिहिलंय. बाबा, त्यात भौतिकशास्त्र नाही. चाळीस वर्षांनी सांगतोय, आता काय करणार तुम्ही!

1985 च्या दिवाळीत माझ्या मित्राचा दादा मस्कतहून आला होता. त्याच्याकडे टिअर्स फॉर फिअर्स या इंग्लंडमधल्या बँडचे दोन अल्बम होते. 'द हर्टिंग'नं 1983 मध्ये त्यांना इंग्लंडात नाव दिलं, आणि 'साँग्ज फ्रॉम द बिग चेअर'नं 1985 मध्ये जगभर. अमेरिकेत हा दुसरा थेट पहिल्या क्रमांकावर गेला. दोन्ही बेचाळीस मिनिटांच्या आतले, त्यामुळे नव्वदच्या कॅसेटीत एकेका बाजूला बरोबर बसले. न्यू वेव्ह म्हणायचे त्या संगीताला. सिंथेसायझर आणि ड्रम मशीन होतं, पण गाणी मात्र फार दुखऱ्या पोरांची.

बाबा, तुम्हाला आठवत नसेल, पण 'शाउट' वाजत असताना तुम्ही दारात येऊन म्हणाला होतात, "का ओरडतोय हा? घरी कोणी ऐकत नाही का याचं?" मला तेव्हा राग आला होता. पण तुम्ही न कळत नेमकं बोलला होतात. आर्थर जेनोव्ह नावाचे एक अमेरिकन मानसतज्ज्ञ होते. लहानपणी आई-बापांकडून मिळालेलं दुखणं रडून-ओरडून बाहेर काढलं की माणूस मोकळा होतो, असा त्यांचा सिद्धांत. भीतीच्या जागी अश्रू, म्हणून बँडचं नाव तसं. रोलंड ऑर्झबल आणि कर्ट स्मिथ ही बाथ शहरातली दोन पोरं विशीतही त्याच नादात होती. (पुढे जेनोव्ह त्यांना भेटले आणि आपल्या सिद्धांतावर संगीतिका लिहा म्हणाले. पोरांचा पार हिरमोड झाला.) गंमत म्हणजे खुद्द 'शाउट' त्या रडण्याबद्दल नाहीच. राजकीय निषेधाचं गाणं आहे ते, असं ऑर्झबलच सांगतो.

आई, तुझ्यासाठीही त्यात एक गाणं आहे, 'मदर्स टॉक'. इकडच्या आया पोरांना दटावतात: तोंड वेडंवाकडं करू नको, वारा फिरला की तसंच राहील. गाण्याचं एक मूळ तिथं आहे, दुसरं अणुबॉम्बच्या भीतीत. तू म्हणायचीस, "डोळे तिरळे करू नकोस, तसेच राहतील." वाऱ्याची अट तू घालत नव्हतीस.

आता मुद्द्यावर येतो. इराच्या शाळेतल्या गायनवृंदानं 'द हर्टिंग'मधलं 'मॅड वर्ल्ड' बसवलंय. घरी संथपणे, पियानोवर, जीव जाईल अशा सुरात गात होती. मी म्हटलं, एवढं सावकाश नाही गं ते. तर म्हणे, "बाबा, ओरिजिनल असंच आहे." मग तिनं मला 'डॉनी डार्को' हा सिनेमा दाखवला. 2001 चा आहे, पण गोष्ट 1988 मधली. 11 सप्टेंबरनंतर थोड्याच आठवड्यांत अमेरिकेत लागला, आणि त्यात विमानाचं इंजिन घरावर पडतं. लोक कशाला जातील? पडला. नाव झालं ते नंतर.

त्यात शाळेच्या बसमधून पोरं उतरतात आणि त्याच कॅसेटमधलं 'हेड ओव्हर हील्स' सुरू होतं. कोणी बोलत नाही, कॅमेरा नुसता वऱ्हांड्यातून फिरतो, मधेच वेग वाढतो, मधेच मंदावतो, आणि सगळी शाळा कळते आपल्याला. मी उठून बसलो. हे गाणं मी सेकंदासेकंदानं पाठ केलेलं, पण त्यात शाळा दडलीय हे मला कधी दिसलं नव्हतं.

शेवटी 'मॅड वर्ल्ड' येतं. मायकेल अँड्र्यूज आणि गॅरी ज्यूल्स यांनी नव्यानं केलेलं. मूळ गाणं 1982 चं, त्याच्यावर चक्क नाचता येतं. यांनी जणू द्रुत चीज विलंबितात घेतली आणि शब्द वर आले. मूळ गाणं इथे तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. हे 2003 च्या नाताळात पहिलं आलं. बाबा, नाट्यगीताची चाल कोणी बदलली की तुम्ही रेडिओ बंद करायचात. मीही तोंड उघडणार होतो, पण इराकडे बघून गप्प बसलो. तिच्यासाठी मूळ तेच.

तरी दुसऱ्या दिवशी तिला बाथला घेऊन गेलो, रेल्वेनं पाव तासावर आहे. पिझ्झाच्या दुकानावरच्या खोलीत राहत असताना खिडकीतून माणसं बघत ऑर्झबलनं ते गाणं गिटारवर रचलं. एकोणीस-वीसचा असेल. दुकान कुठलं ते सापडलं नाही. पिझ्झा मात्र खाल्ला. येताना डब्यात तिनं एक इयरफोन माझ्या कानात घातला, मी जुनं गाणं लावलं. ऐकलं तिनं शेवटपर्यंत. म्हणाली, "फास्ट आहे. पण हा रडतोयच की." मग विचारलं, "तू आजोबांवर चिडायचास का रे?"

मी म्हटलं, दहावीच्या मार्चमध्ये त्यांनी टेपरेकॉर्डरमधले सेल काढून कपाटात कुलपात ठेवले होते, तेव्हा तीन दिवस बोललो नव्हतो. तिला ते फारच थोडं वाटलं. मला तेव्हा वाटलं नव्हतं. तिच्या फोनचा चार्जर गेल्या महिन्यात मी लपवला होता, ते दोघांनीही काढलं नाही.

डिसेंबरात येतोय. फीत चिकटली असेल तर पेन्सिल घालून फिरवू नका, मी बघतो. आईच्या गुडघ्याचा पट्टा घेतलाय. आणि बाबा, ते चार सेल अजून कपाटात असतील, तर ते भंगारात दिले तरी चालतील.

तुमचा,
बंडू