कॅमेरा दिसला की ब्रेक, पुढं परत सुसाट

संपादक महोदय,
स्पीड कॅमेरे म्हणजे पैसे उकळायचा धंदा असं सगळे बोलतात, पण मला विचाराल तर कॅमेरे हवेतच, फक्त नीट लावा. आत्ता होतं काय, कॅमेरा कुठंय ते मॅप ॲप आधीच सांगतं, मग तेवढ्यापुरता कचकन ब्रेक आणि पुढं परत सुसाट, मागचा बिचारा ठोकता ठोकता वाचतो. त्यापेक्षा सरासरी वेग मोजणारे कॅमेरे लावा ना, दोन ठिकाणी नंबरप्लेट टिपायची, मधलं अंतर भागिले लागलेला वेळ, १० किलोमीटर ६ मिनिटांत कापले म्हणजे १०० चा स्पीड, मग कितीही ब्रेक मारा. आणि ५० च्या जागी ६० ने काय बिघडतं म्हणणाऱ्यांनो, धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४४ टक्के जास्त, आणि समोर चालणारा माणूस असला तर?

हां, मशीन वेळच्या वेळी तपासलेलं पाहिजे आणि स्पीड लिमिटची पाटी झाडामागं लपलेली नको, नाहीतर लोक चिडणारच. दंडाचा मेसेजही लगेच यावा, दोन महिन्यांनी आला तर कोणाला आठवतंय गाडी कुठं पळवली होती ते.

– एक वाचक