यलो फीवरचं कार्ड विकत घेऊ नका, लस टोचून घ्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

गणपती झाले की आमच्या दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची पोरं बोटीवर जॉईन व्हायला निघतात आणि दरवर्षी तोच घोळ, तिकीट परवाचं आलंय आणि आफ्रिका-दक्षिण अमेरिकेकडे जाताना लागणारी यलो फीवरची, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या पिवळ्या तापाची, लस राहिलीय. मग एजंट म्हणतो टेन्शन घेऊ नको, पैसे दे, संध्याकाळी लस घेतल्याचं कार्ड आणून देतो. आमच्या वाडीतल्या एका पोराचं असलं कार्ड मी परवा हातात घेऊन बघितलं, शिक्का आहे, बॅच नंबर आहे, डॉक्टरची सही आहे, आणि पोराच्या दंडाला सुई लागलेलीच नाही! वर तारीख मागची टाकलेली, कारण लस घेतल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होतं हे एजंटला पक्कं ठाऊक, पोराला मात्र कोणी सांगितलेलं नाही.

मी स्वतः बोटीवर नोकरी केलीय, आफ्रिकेतलं लागोस, लुआंडा, ब्राझीलचं सांतोस, सगळ्या बंदरांत गेलोय, म्हणून लिहितोय. कार्ड बघून डास चावायचा थांबत नाही. आणि डास तरी कुठला, तर आपल्याकडे डेंग्यू पसरवतो तोच एडिस. चावल्यावर 3 ते 6 दिवसांत ताप, डोकं ठणकणं, कंबर धरणं, उलट्या. बरेचजण तीन-चार दिवसांत उठून बसतात, पण काहींचा ताप उतरल्यासारखा होतो आणि एखाद्या दिवसात परत चढतो, मग डोळे पिवळे, नाकातोंडातून रक्त, किडनीवर परिणाम, आणि इथवर गेलेल्यांतले निम्मे 7 ते 10 दिवसांत दगावतात. या व्हायरसवर नेमकं औषध नाही, पण लस 1937 पासून आहे. ती शोधणाऱ्या मॅक्स थायलरना 1951 चं नोबेल मिळालं, एवढी जुनी आणि पारखलेली लस आहे ही.

आणखी एक, 2016 च्या जुलैपासून हे कार्ड आयुष्यभर चालतं, जुन्या कार्डावर 10 वर्षं लिहिलं असेल तरी. तरीपण 'रिन्यू करायला लागेल' म्हणून पैसे उकळणारे आहेतच.

आपल्या देशात हा ताप अजून आलेला नाही, पण डास आहे आणि माणसांची तर गर्दीच, त्यामुळे सरकार कडक आहे. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या हा ताप असलेल्या देशांतून कार्डाशिवाय आलात तर 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. उगाच नाही, 2016 ला अंगोलात साथ होती तेव्हा तिथून परतलेल्या 11 जणांना चीनमध्ये हा ताप निघाला होता. उद्या खोटं कार्ड घेऊन गेलेला आपलाच पोरगा ताप घेऊन घरी आला तर? आपल्या जेटीवर होड्यांना बांधलेल्या टायरात बघा, पावसाचं पाणी साचून अळ्या वळवळत असतात.

लस जिवंत व्हायरसची असते, त्यामुळे अंड्याची जबर अ‍ॅलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, गरोदरपण, साठीच्या पुढचं वय, यातलं काही असेल तर डॉक्टरला आधी सांगायचं. हा डास दिवसा चावतो, म्हणून नुसत्या रात्रीच्या मच्छरदाणीवर विसंबू नका, पोर्टला उतरताना फुल शर्ट-पँट आणि उघड्या अंगाला रिपेलंट लावाच. तिकडून आल्यावर ताप आला, डोळे पिवळे दिसले तर कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध घेत बसू नका. भातलावणीच्या दिवसांत तर डॉक्टरलाही पहिला लेप्टोच (उंदरांच्या मुतातून होणारा ताप) आठवणार, तेव्हा कुठल्या देशातून आलो ते आपण होऊन सांगा. आणि तोवर अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन नको, रक्तस्राव वाढतो.

आता पोरं एजंटकडे का जातात तेही बघा. सरकारमान्य सेंटरसाठी मुंबई किंवा गोव्यातल्या मुरगावसारखं लांबचं ठिकाण गाठायचं, आणि बऱ्याच जणांना पुरणारी लसीची कुपी एकदा फोडली की काही तासांत संपवायला लागते म्हणून तिथे ठरावीक वारी अपॉइंटमेंट. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, गाडीभाडं वेगळं. तेव्हा आरोग्य खात्याने गणपतीनंतरचे दोन महिने तरी, आठवड्यातून एक वार, दापोली-मंडणगड भागात या लसीची सोय करावी. एका वेळी कुपी संपेल इतकी पोरं आम्ही गावागावातून गोळा करून आणतो.

आपला,
एक निवृत्त खलाशी, ता. दापोली