दिवा विझवला की काम झाले?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एअरबॅगचा दिवा लागलेला असतानाही लोक गाड्या दामटतात, ही चालकांची बेफिकिरी आहे, असे कालच्या बातमीत एका जाणकारांनी सांगितले आहे. हे गृहस्थ कधी सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ताटकळले आहेत काय?

माझ्या गाडीचा हा दिवा पावसाळ्यापासून पेटलेला आहे. चावी फिरवल्यावर तो काही सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर यंत्रणेत बिघाड आहे आणि धडक बसल्यावर एअरबॅग उघडेलच याचा भरवसा नाही, एवढे मलाही कळते. शेजारच्या सीटवर कोणी बसले की ओळखणाऱ्या सेन्सरची तर तऱ्हाच न्यारी. मोंढ्यातून आणलेली डाळीची पिशवी ठेवली की 'बेल्ट लावा' म्हणून पीं पीं सुरू, आणि आमच्या मंडळी बसल्या की चिडीचूप. (त्यांनी याचा काय अर्थ काढला ते इथे देत नाही.)

त्यासाठी दिवस मोडून छत्रपती संभाजीनगरला गाडी नेली. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड पुसला, दिवा गेला, बिल भरले. परतताना वाटूर फाट्याला दिवा पुन्हा हजर! पुढच्या खेपेला तिथल्या पोराने मोबाईलच्या उजेडात सीटखाली हात घालून वायर जोडणारा पिवळा कपलर काढला, फुंकर मारली, परत दाबून बसवला आणि 'सीट जास्त मागेपुढे करू नका' असा सल्ला दिला. म्हणजे पाय अवघडले तरी चालतील! तरीही दिवा जाईना, तेव्हा साहेबांनी निदान केले की उंदराने वायर कुरतडली, वॉरंटीत बसत नाही. आणि सेन्सर सुटा मिळत नाही, अख्खी गादीच घ्यावी लागेल. कुरतडलेली वायर दाखवा म्हटले, तर साहेब जेवायला गेले. फाटकापर्यंत सोडायला आलेला मेकॅनिक हळूच म्हणाला, "काका, रेझिस्टर टाकून देतो, दिवा परत दिसणारच नाही."

रेझिस्टर म्हणजे यंत्रणेला सारे ठीक असल्याचे भासवणारा चिमुकला तुकडा. दिवा दिसला नाही म्हणजे एअरबॅग चालू झाली, असेच ना? बेल्टचा आवाज बंद करणाऱ्या क्लिपा विकल्या म्हणून 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना आदेश काढले. उत्तम केले. आमच्याकडे मात्र ती क्लिप मागितली की आजही काउंटरखालून निघते आणि रेझिस्टरला तर कोणी विचारतच नाही. बेल्ट नसला की हजाराची पावती फाडतात, ती फाडावीच. पण चालकाच्या बाजूची एअरबॅग 2019 पासून सक्तीची केली, पुढे शेजारच्या सीटचीही केली. ती चालू ठेवण्याची सक्ती कोणावर? मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीत सदोष गाड्या परत बोलावण्याचे कलम आहे म्हणे. त्यासाठी तक्रार कशी नोंदवायची, हे त्या बातमीत दोन ओळींत सांगितले असते तर जाणकारांचे उपकार झाले असते.

जाता जाता आणखी एक. त्याच अंकाचे पहिले पान सहा एअरबॅगवाल्या गाडीच्या जाहिरातीने भरले होते आणि परभणी जिल्ह्याचे पान गायब होते. आमच्या दुधना काठच्या बातम्या आम्ही कोणत्या पानावर शोधायच्या, तेवढे कळवावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सेलू (जि. परभणी)