पन्नाशीचं जेवण लिओपोल्डला

ती. आई-बाबांस सा. न.

रागवू नका, तुम्हाला न विचारताच ठरवून टाकलंय. तुमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाचं जेवण शनिवारी कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेमध्ये. हॉल नाही, केटरर नाही.

आई, "बिअरच्या दुकानात पन्नाशी?" असं तू म्हणणारच. पण ते बार म्हणून निघालंच नव्हतं गं. १८७१ साली इराण्यांनी उघडलं तेव्हा तिथे खाद्यतेलाचा घाऊक व्यापार चाले. मग दुकान, औषधं, खाणं असं करत करत ते आजचं झालं. नाव मात्र बेल्जियमच्या राजाचं. इराण्यांना तोच का सुचला, हे बाबा सांगतील, खरं असो वा नसो!

बाबा, त्या नोव्हेंबरपासून तुम्ही रीगल सिनेमाच्या पुढे गेला नाहीत. म्हणून आधीच सांगते: २६/११च्या गोळ्यांच्या खुणा त्यांनी मुद्दाम ठेवल्यात, बुजवल्या नाहीत. आपण तिकडे पाठ करून बसू. तरी नको वाटलं तर ताट अर्धं टाकून उठू, मी काही म्हणणार नाही. रीगलजवळच १९३२चं मोंडेगार कॅफे आहे, मारिओ मिरांडांच्या चित्रांच्या भिंतींचं. तिथे जाऊ.

खालीच बसायचं. एसी वर आहे, पण जिना आईच्या गुडघ्यांना नको. खाली रस्त्याकडून उघडं आहे, गोंगाट असतो. संध्याकाळी तर बोललेलंही ऐकू येत नाही. म्हणून साडेअकराला पोचू. पाठीची उशी मी आणते.

बाबा, एक ग्लास बिअर चालेल, रिकाम्या पोटी मुळीच नाही. यकृत दारू निस्तरण्यात गुंतलं की रक्तात साखर सोडायची विसरतं, आणि तुमची ग्लिमेपिराइडची गोळी तर साखर उतरवतच राहते. मग घाम, थरथर, गरगर. आणि लोकांना वाटतं, चढली. म्हणून आधी पोळी-भाजी खाऊन निघा. डॉक्टरांना मी विचारणारच आहे. ते नाही म्हणाले तर नाही, तोंड पाडायचं नाही. खिशात साखरेची पुडी ठेवा. लहानपणी शाळेच्या सहलीला तुम्ही माझ्या खिशात लिमलेटच्या गोळ्या कोंबायचात ना, तशी.

दादरहून टॅक्सीच करा, रिक्षा तिकडे येत नाही. आई, मोरपंखी नेस. आणि पुरणपोळीचा डबा घेऊन येऊ नकोस, मी ओळखते तुला.

तुमची,
छकुली