संद्या, अण्णांचा तो गॅस नव्हता रे

प्रिय संद्या,

तू लोकलमध्ये होतास, ठाण्याच्या पुढे आवाज तुटायला लागला आणि मला जे सांगायचं होतं ते सगळं राहूनच गेलं, म्हणून हे लिहायला बसलो. लांब होणार आहे. जेवण उरकून वाच आणि वहिनींनाही वाचायला दे.

आधी अण्णांचं सांगतो. तुझ्या चुलतभावाने दुपारी त्यांना आडिवऱ्याहून इथे रत्नागिरीला आमच्या हॉस्पिटलात आणलं, सीटी स्कॅन मीच काढला, डोक्यात रक्तस्राव नाही. फिजिशियननी तपासलं, रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू केली, ईसीजी झाला, मानेच्या नसांची सोनोग्राफी, डॉपलर म्हणतात ती, उद्या. आजची रात्र ॲडमिट ठेवलंय. स्वारी कॉटवर बसून पेजेबरोबर लोणचं मागतेय आणि मीठ कमी म्हटल्यावर सिस्टरवर गुरगुरतेय, म्हणजे तब्येत तशी ठीक आहे.

पण सकाळी जे झालं ते गॅस नव्हता. चहाचा कप हातातून सुटला, उजवा हात दहा मिनिटं लुळा, जीभ जड, मग काकूंनी ओवा-पाणी दिलं आणि हात परत आला, सगळे म्हणाले बरं झालं, ओव्याने गॅस सुटला. ओवा दिला नसता तरी हात परत आलाच असता. मेंदूच्या नसेत रक्ताची बारीक गुठळी अडकली आणि आपोआप विरघळली, त्याला टीआयए म्हणतात, डॉक्टर मंडळी मिनी स्ट्रोक पण म्हणतात, म्हणजे लकव्याचा छोटा झटका. भीती वाटायला हवी ती ह्याच्या नंतरच्या दिवसांची. मोठा झटका यायचा असेल तर पहिल्या दोन दिवसांत त्याचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि नेमकं तेव्हाच माणूस बरा दिसतो म्हणून घरचे निवांत. चुलतभावाला फोनवर जरा ओरडलो मी, 'उद्या सकाळच्या गाडीने आणतो' म्हणत होता. त्याला राग आला असेल तर तू सांभाळून घे.

सीटीच्या खोलीत बसून मी जे बघतो ते तुम्हाला बाहेरून कळायचं नाही. डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, पेशंटला शेवटचं धडधाकट कधी बघितलं? त्रास कधी दिसला ते नाही विचारत, धडधाकट कधी होता ते विचारतात. रात्री नऊला जेवून झोपला आणि पहाटे पाचला उठला तो तोंड वाकडं घेऊनच, तर घड्याळ रात्री नऊपासून धरतात. कारण गुठळी विरघळवायचं जे इंजेक्शन आहे ते साडेचार तासांच्या आतच द्यायचं असतं. आधी तीन तास होते, १९९५ च्या अमेरिकेतल्या चाचणीवरून ठरलेले, मग २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने साडेचारपर्यंत नेले. तेवढे तास आहेत म्हणून रमतगमत यायचं असं नाही हं, मोठी नस बंद असेल तर दर मिनिटाला साधारण १९ लाख पेशी मरतात असा हिशोब आहे. आणि इंजेक्शन दिलं की सगळेच उठून चालायला लागतात असंही नाही, काहींना त्यानेच रक्तस्राव होतो, पण वेळेत दिलं तर स्वतःच्या पायावर घरी जाणारे बरेच वाढतात.

सीटी कशाला, थेट इंजेक्शन द्या की, असं नातेवाईक म्हणतात. अरे, बहुतेक स्ट्रोक गुठळीचे असतात पण बाकीचे नस फुटून होतात, त्यात हे इंजेक्शन गेलं तर माणूस संपला. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. सीटीत ताजं रक्त पांढरं दिसतं, एका नजरेत कळतं. उलट गुठळीचा स्ट्रोक पहिल्या काही तासांत बऱ्याचदा दिसतच नाही, रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि मग बाहेर बाकड्यावरून फोनाफोनी, 'नॉर्मल आहे, काय नाय झालेलं, घरी नेतो.' हात लुळा आहे आणि सीटी नॉर्मल, म्हणजे उलट अजून काहीतरी करता येण्यासारखं आहे. हे मी सांगून सांगून थकलो.

गेल्या सीझनला साखरीनाट्याकडचा एक तांडेल आला होता. बोटीवर सुकाणूजवळच बसला, डावा हात खाली, विचारलं तर म्हणे मला काय झालेलं नाय. खलाशांना वाटलं थकला असेल, जाळं ओढून, मासळी भरून मगच बोट फिरवली. त्या पोरांना दोष देत नाही मी, कारण मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला की कधीकधी माणसाला स्वतःचा डावा हात गेलाय हेच कळत नाही, तो मनापासून नाही म्हणतो. त्यात दुखत पण नाही, छातीत कळ आली की माणूस ओरडतो, इथे नुसता गप्प बसतो. आता तो घरी बसून एका हाताने जाळी सोडवतो.

म्हणून काकूंना सांग, अण्णांना विचारायचं नाही, बघायचं. हसायला सांगायचं, तोंडाचा एक कोपरा खाली राहतोय का. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगायचे, एक आपोआप खाली येतोय का. आरतीची एक ओळ म्हणायला सांगायची, शब्द लटपटतायत किंवा भलतेच येतायत का. एकदम तोल गेला, एका डोळ्याने दिसेनासं झालं, एकाची दोन दिसायला लागली तरी तेच. ह्यातलं एक जरी अचानक झालं तरी निघायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही, आणि थोड्या वेळाने बरं वाटलं तरी निघायचंच.

आणि तोवर तोंडात काही घालायचं नाही, ओवा नाही, पाणी नाही, साखर नाही, कारण गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. ॲस्पिरिन पण नाही, हार्टवाल्यांची ती सवय इथे लावायची नाही, सीटी होईपर्यंत आपल्याला माहीतच नसतं गुठळी आहे की रक्तस्राव. बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवून ते धाडकन उतरवायचं हे तर अजूनही सर्रास चालतं, त्याने मेंदूला मिळतंय तेवढं रक्तही कमी होतं. अण्णांना डायबेटिस आहे तर मशीनवर शुगर मात्र बघा, शुगर खूप उतरली तरी हुबेहूब असंच दिसतं. बाकी वारं गेलं म्हणून तेल चोळणं, देवाला गाऱ्हाणं, कबुतराचं रक्त... गाऱ्हाणं घालायला माझी ना नाही, पण गाडी सुटल्यावर घालूदेत.

आता आपला खरा प्रॉब्लेम, रस्ता. आडिवऱ्याहून पावसमार्गे रत्नागिरी म्हणजे तास-सव्वा तास, तेही गाडी दारात उभी असेल तर. १०८ फुकट आहे, लावायचीच, पण ती किती लांब आहे ते फोनवरच विचारायचं आणि उशीर असेल तर भावाची गाडी काढायची. सगळ्यात जास्त वेळ जातो तो गावचा दवाखाना, मग तालुक्याला, मग तिकडून पुढे, असं जिना चढल्यासारखं जाण्यात. प्रत्येक ठिकाणी सलाईन लावतात, चिठ्ठी देतात, अर्धा-पाऊण तास जातो आणि सीटी शेवटी तिसऱ्या ठिकाणी होतो. सीटी आणि ते इंजेक्शन दोन्ही जिथे आहे तिथेच थेट यायचं, आणि निघतानाच फोन करायचा. रात्री मला घरून बोलावतात, तुम्ही वाटेत असताना फोन आला तर मशीन गरम करून तयार ठेवतो, नाहीतर तुम्ही पोचल्यावर माझी स्कूटर निघणार.

हेलसिंकीच्या एका हॉस्पिटलने हेच केलं, म्हणजे ॲम्ब्युलन्सवाले आधी कळवणार, पेशंट कॅज्युअल्टीत न थांबता स्ट्रेचरवरून थेट सीटीला, इंजेक्शन तिथेच टेबलावर. दारातून सुईपर्यंतचा वेळ १०५ मिनिटांवरून २० वर आणला त्यांनी २०११ पर्यंत. फिनलंड लांबचं वाटत असेल तर हिमाचल बघ, तिथेही न्यूरोलॉजिस्ट मोजकेच आणि रस्ते आपल्याहून वाईट. २०१४ पासून जिल्ह्याच्या हॉस्पिटलातल्या साध्या फिजिशियनना ट्रेनिंग दिलं, सीटीचे फोटो फोनवर मोठ्या हॉस्पिटलच्या न्यूरोलॉजिस्टला, तो हो म्हणाला की इथे इंजेक्शन, तेही सरकारी खर्चाने. कोकणात प्रत्येक तालुक्याला न्यूरोलॉजिस्ट येणार नाही हे मान्य, पण फोन तर सगळ्यांकडे आहे ना!

मोठी नस बंद असेल तर मांडीतून तार घालून गुठळी ओढून काढतात, २०१५ पासून ते पक्कं सिद्ध झालंय आणि निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंतही करतात. पण त्यासाठी इथून आंबा घाट चढून कोल्हापूर, नाहीतर मुंबई. सिंधुदुर्गातली माणसं गोव्याला बांबोळीला पळतात. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा घाटही खचले होते, आठवतंय ना, अशा दिवसात कुणाला झटका आला तर कुठे न्यायचं? म्हणून म्हणतो, इंजेक्शन तरी घाटाच्या अलीकडे, इथेच मिळायला पाहिजे. आता टेनेक्टेप्लेस नावाचं नवीन इंजेक्शन आलंय, ते एकाच झटक्यात शिरेत देता येतं, जुन्यासारखं तासभर पंपावर लावून ठेवायला लागत नाही, ते देऊन लगेच घाटाकडे गाडी काढता येते.

अण्णांचं बीपी आज आलं तेव्हा १९० वर होतं. विचारलं तर म्हणे बरं वाटत होतं म्हणून गोळी महिनाभर बंद केली, आणि घरात खारवलेला बांगडा रोजचा. काकूंना काय बोलणार, त्या म्हणतात त्याशिवाय घासच उतरत नाही ह्यांच्या घशाखाली. गोळीचं तेवढं तू मनावर घे, रोज संध्याकाळी फोन करतोसच तर पाऊसपाण्याच्या आधी ते विचार.

शुक्रवारी रात्रीची तुतारी एक्सप्रेस धरलीस तर मी स्टेशनवर येतो. येताना बीपी मशीन आण, दंडाला बांधायचं, मनगटावरचं नको. आणि अण्णांचे जुने रिपोर्ट डोंबिवलीला तुझ्या कपाटात आहेत म्हणाल्या काकू, ते सगळेच्या सगळे आण, ईसीजी तर नक्की, डॉक्टरांना ठोक्यांमध्ये जरा शंका वाटतेय आणि ठोके अनियमित असतील तर गोळी बदलावी लागेल.

तुझा,
बाळ्या