डॉक्टरकाकांनी दवाखाना बंद केला

प्रिय शुभे,

तब्येती सगळ्यांच्या ठीक, आईचे गुडघे आहेत तसेच. पत्राचं कारण म्हणजे डॉक्टरकाकांनी दवाखाना बंद केला गं. बोर्ड उतरवला, यशवंता कंपाउंडर गावाला गेला. इथे कोणाला सांगायला जावं तर म्हणतात, मग काय झालं, मिरजेत डॉक्टरांना काय तोटा? तुलाच कळेल म्हणून लिहायला बसले.

तोटा नाहीच. वॉन्लेस साहेबांनी १८९४ साली हॉस्पिटल काढलं तेव्हापासून पार कर्नाटकातनं पेशंट येतात आपल्याकडे. हृदयाला वेगळे, गुडघ्याला वेगळे, पोटाला वेगळे. पण आईला सकाळी उठल्यावर चक्कर येते, तर ती चक्कर कुठल्या डॉक्टरकडे न्यायची हे आधी मीच ठरवायचं? शुगरमुळे, बीपीमुळे, कानामुळे, मला काय कळतं त्यातलं? हे ठरवायलाच तर काका होते.

जाताना त्यांनी आमच्या घराचं कार्ड माझ्या हातात दिलं. तेच, पिवळं पडलेलं, दोन्ही बाजूंनी मुंगीच्या अक्षरात भरलेलं. बाबांचं वजन, दादाचा गोवर, आजीचं बीपी, आणि आईच्या नावापुढे लाल शाईत 'सल्फा नको, अंगावर चट्टे', म्हणजे सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी. तुझ्या घराचं पण ठेवलंय त्यांनी, कावीळ त्यात आहेच. आणि परत सांगते, ती माझ्या बर्फाच्या गोळ्याने झाली नव्हती, तोच गोळा माईने पण खाल्लेला, तिला काही झालं? तू आणि काकू अजून माझ्यावरच ढकलता.

तर दादाचं पुण्याहून टुमणं, मोठ्या ठिकाणी दाखव. नेलं एका मोठ्या ठिकाणी. आधी पैसे, मग फाईल, मग 'फुल बॉडी पॅकेज', सत्तरेक तपासण्यांचं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण नजर सगळी कॉम्प्युटरवर, आणि आईला एक प्रश्न नाही, सगळं मला विचारणार. लघवीत इन्फेक्शन निघालं, गोळ्या लिहून दिल्या. मेडिकलवर पाकीट हातात आलं आणि मी मागचं बारीक वाचलं, सल्फाच! फाईलवर अ‍ॅलर्जीचा रकाना होता शुभे, कोरा. कोणी विचारलंच नव्हतं. मी परत वर जाऊन बदलून आणल्या, पण तेव्हा माझे पाय लटपटत होते. पर्समध्ये ते कार्ड नसतं तर?

तेव्हा ठरवलं, तपासण्या किती करतात हे बघायचं नाही, माणूस विचारतो काय ते बघायचं. गल्लीच्या टोकाला एक नवीन मॅडम बसतात, आईला चालत नेता येतं. भिंतीवर मेडिकल कौन्सिलचा नंबर आणि फी दोन्ही लावलेलं. त्यांनी आधी कार्ड पूर्ण वाचलं, मग आईचं बीपी बसून घेतलं आणि मग उभं करून परत घेतलं. बसून १३८, उभं राहिल्यावर ११०. म्हणाल्या, चक्कर ही इथे आहे, उठल्यावर प्रेशर एकदम पडतंय, आणि बीपीच्या दोन गोळ्यांतली एक कमी केली. मग आईला चपला काढायला लावून एका नायलॉनच्या दोऱ्याने तळपायाला टोचून विचारत होत्या, आजी कळतंय का? डाव्या पायाच्या अंगठ्याला आईला कळलंच नाही. इतकी वर्षं शुगर आहे, पण मागच्या पडद्याचा फोटो काढून डोळे तपासलेत कधी, असं त्यांनी विचारलं आणि मी गप्प. शुगर असली की डोळ्यांची ती तपासणी, पायांची आणि लघवीतल्या अल्ब्युमिनची म्हणजे प्रोटीनची, ही वर्षातनं एकदा तरी व्हायलाच पाहिजे. त्रास काही होत नसला तरी. एचबीए१सी ही रक्ततपासणी वेगळी, ती मागच्या तीनेक महिन्यांची शुगरची सरासरी सांगते, त्यामुळे आदल्या दिवशी गोड सोडून तिला फसवता येत नाही. (आई नाराज आहे यावर.) आणि पॅकेजमधल्या अर्ध्या तपासण्यांची आईला गरजच नव्हती म्हणे.

दादाला हे पटत नाहीये. छोट्या दवाखान्यात काय मिळणार म्हणतो. फोनवर भांडलो आम्ही, चांगलंच. ऑपरेशन लागलं तर मोठ्या ठिकाणीच नेऊ की, कोण नको म्हणतंय, पण कधी न्यायचं आणि कोणाकडे न्यायचं हे सांगणारं माणूस घराजवळ हवं, एवढंच माझं म्हणणं आहे. तू बोल ना त्याच्याशी, तुझं ऐकतो तो. कॉलेजपासूनच ऐकतो, कारण काय ते देव जाणे.

निघताना मॅडम मला म्हणाल्या, आणि तुमचं काय? गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची तपासणी झालीय का कधी? तिशीनंतर दर पाच वर्षांनी करतात, व्हिनेगरसारखं औषध लावून मिनिटभरात बघतात, सरकारी दवाखान्यात फुकट होते. मला लगेच तुझी आत्या आठवली. मी सोमवारी जाऊन आले, नीट आहे सगळं. आता तू जा. सबबी नकोत, ठाण्यात काय कमी आहे का? आणि ऋचा तेरा वर्षांची झाली ना, तिच्या एचपीव्हीच्या लसीचं विचार, हाच कॅन्सर होऊ नये म्हणून असते ती, पंधराच्या आत घेतली की दोनच डोस लागतात, नंतर तीन. आपल्या पुण्याच्या सीरम कंपनीची पण आहे, सर्व्हाव्हॅक नावाची.

प्रमोशनचं माईकडून कळलं, जाम आनंद झाला, घर बदललंस का? सासूबाईंना नमस्कार सांग.

आईच्या डोळ्यांची तारीख गुरुवारची मिळालीय. तुझ्या घराचं कार्ड कुरियर करू का फोटो काढून पाठवू ते लगेच कळव, कारण काकूंच्या नावापुढे पण लाल शाईत दोन ओळी आहेत आणि त्या तुझ्या तिथल्या डॉक्टरला माहीत असायला हव्यात.

तुझी,
वैशू