‘कॅनव्हास बोर्ड’च्या आत काय आहे, तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाळा-कॉलेजे सुरू झाली की स्टेशनरीच्या दुकानांत ‘कॅनव्हास बोर्ड’ नावाची वस्तू भराभर खपते. वर सुती कापड, त्यावर पांढरा थर, कडा मागे दुमडलेल्या आणि पाठीवर कागद. आतला गाभा कशाचा, हे मात्र वेष्टनावर क्वचितच लिहिलेले असते. स्वस्तातल्या बहुतेक बोर्डांत तो दाबलेला राखी पुठ्ठा असतो. सरावासाठी त्यात वावगे काही नाही. पण जपून ठेवायचे चित्र त्यावर काढले तर एकाच पावसाळ्यात फरक दिसतो. पुढची बाजू रंगाने बंद, मागची कागदाची. ओल मागून शिरते, पुठ्ठा तेवढ्याच बाजूने फुगतो आणि बोर्डाला बाक येतो. कोपरा एकदा आपटला की चेपतो, तो पुन्हा सरळ होत नाही.

गाभा कशाचा, जाडी किती आणि वरचा प्रायमर (रंगाखालचा तो पांढरा थर) तैलरंगाला चालतो की नाही, एवढ्या तीन गोष्टी उत्पादकांनी छापाव्यात, ही या पत्राची मागणी. तोवर चित्रकारांनी आणि पालकांनी प्लायवूडच्या दुकानाची वाट धरून रंगवायला कडक पाटी कापून घेतलेली बरी.

कडक पाटीचा आग्रह कशासाठी? तैलरंगाचा थर वर्षागणिक कडक होत जातो, आणि ताणलेला कॅनव्हास दमट-कोरड्या हवेत सैल-घट्ट होत राहतो. कडक थर हलत्या कापडावर बसला की त्याला तडे जातात. पाटी हलत नाही, निदान फार कमी हलते. आपल्याकडे हे नवे नाही. मराठा राजवटीत बहरलेली तंजावरची चित्रे फळीवरचीच: फणसाच्या लाकडाची फळी, तिच्यावर चिकटवलेले कापड, त्यावर खडूच्या लुकणाचा थर. मधले कापड शोभेचे नाही. लाकडाला बारीक भेग पडली तरी ती थेट रंगापर्यंत पोहोचू नये, हे त्याचे काम. सलग फळी रेषांच्या आडव्या दिशेने आक्रसते-फुगते, म्हणून आज नव्याने पाटी करताना फळीपेक्षा तंतूंचे किंवा थरांचे बोर्ड बरे.

त्यातला सर्वांत सोयीचा एमडीएफ, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड. त्याला रेषा नाहीत, गाठी नाहीत, पृष्ठभाग गुळगुळीत. साधा एमडीएफ घेऊ नका. ओलावारोधक, जास्त घनतेचा प्रकार ‘एचडीएचएमआर’ या नावाने मिळतो, तो मागा. सनमायकासारखा थर आधीच चढवलेला ‘प्रीलॅम’ नको, कारण त्यावर प्रायमर धरत नाही. दीड फुटापर्यंतच्या चित्राला साडेपाच-सहा मिमी जाडी पुरते, दोन-तीन फुटांना ९ ते १२ मिमी. १२ × १६ इंचांची साडेपाच मिमीची पाटी साधारण अर्धा किलो भरते. ३ × ४ फुटांची १८ मिमीची मात्र पंधरा किलोंच्या घरात जाते, म्हणजे भिंतीतल्या खिळ्याची परीक्षाच. एवढ्या मोठ्या मापाला जाडी वाढवू नये. ६ मिमीच्या पाटीमागे लाकडी पट्ट्यांची चौकट लाकडाच्या गोंदाने चिकटवून, रात्रभर शिकंजात दाबून ठेवावी. पुढून खिळे ठोकले की त्यांची डोकी कधी ना कधी रंगातून वर येतात.

दुकानदाराकडूनच कापून घ्या. ८ × ४ फुटांच्या शीटमध्ये १२ × १६ इंचांच्या चोवीस पाट्या बसतात. पण प्रत्येक कापाला करवत सुमारे ३ मिमी खाते, त्यामुळे प्रत्येक पाटी दोन-अडीच मिमी कमी भरते. फ्रेम आधी करून ठेवली असेल तर हे लक्षात असू द्या. कापताना उडणारी भुकटी अतिशय बारीक असते आणि तिच्यात फॉर्माल्डिहाइड असलेल्या चिकाचा अंश असतो. घरात घासकाम करणार असाल तर मास्क लावा, पंखा बंद ठेवा, ओल्या फडक्याने पुसा.

आता बिघाडाचे मूळ. एमडीएफ म्हणजे उष्णतेने दाबून बसवलेले लाकडाचे तंतू. पाणी लागले की दाबलेले तंतू सुटतात आणि वाळल्यावरही पूर्वीसारखे बसत नाहीत. वरचा-खालचा पृष्ठभाग घट्ट असतो, पण कापलेली कड पाणी ओढून घेते. म्हणून पाटी सहाही बाजूंनी बंद करायची: दोन तोंडे, चार कडा. कडा आधी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून जरा गोलसर करा. धारदार कडेवर कोणताही थर पातळ होतो आणि तिथूनच सुटतो. मग ग्लॉस ॲक्रिलिक मीडियमचे (ॲक्रिलिक रंगात मिसळायचा पारदर्शक चीक) दोन हात, कडांना तिसरा. सुताराकडचे चपड्याचे पॉलिश पाठीला आणि कडांना चालेल; पुढच्या बाजूला नको, कारण साध्या चपड्यात मेण असते आणि पाण्यातला जेसो (चित्रकारांचा पांढरा प्रायमर) त्यावर नीट धरत नाही. बंद करण्याचे दुसरेही कारण आहे. ॲक्रिलिकमधले पाणी लाकडातले रंगद्रव्य ओढून वर आणते आणि पांढरा थर काही आठवड्यांत पिवळट-तपकिरी होतो. जेसोचे हात वाढवून हा डाग अडत नाही, खालचे मीडियम त्याला अडवते.

तीन दिवसांनी जेसो. पहिला हात पंधरा टक्के पाणी घालून, पुढचे तीन घट्ट, प्रत्येक हात आधीच्याला आडवा. मध्ये २२० चा पेपर, शेवटी ३२०. कोरड्या हवेत दोन हातांत तीन-चार तास पुरतात, पावसाळ्यात पुरा दिवस द्या. तैलरंग लावण्यापूर्वी किमान तीन दिवस थांबा, पावसात आठवडा. काही जण पाटी काचेसारखी गुळगुळीत करतात आणि मग रंग घसरतो म्हणून तक्रार करतात. तेलाला थोडी खरखर लागतेच. जेवढे हात पुढे, तेवढे नाहीत तरी दोन हात मागेही द्या. एकाच बाजूला ओला थर वाळून आक्रसला की पातळ पाटी त्या बाजूला वळते.

जेसोऐवजी फेव्हिकॉल आणि खडूची भुकटी, किंवा भिंतीचा प्रायमर, हा कला महाविद्यालयांतला जुना जुगाड आहे. खर्च वाचतो, हे खरे. पण भिंतीच्या प्रायमरमध्ये भरणी जास्त आणि बांधणारा चीक कमी. बोट फिरवले की पीठ लागते, आणि असा थर तैलरंगातले तेल पिऊन घेतो. रंग निस्तेज दिसतो आणि सुटूही शकतो. पांढरा लाकडी गोंद पाण्याने पुन्हा मऊ पडतो. रोजच्या अभ्यासाला हवे तर वापरा, विकायच्या चित्राला नको.

प्लायवूड हलके आणि मजबूत, पण त्याच्या वरच्या पातळ पापुद्र्याला रेषेच्या दिशेने केसासारख्या भेगा पडतात आणि त्या प्रायमरमधून वर दिसतात. उपाय तंजावरकरांचाच: पुढच्या बाजूला पातळ सुती कापड ॲक्रिलिक मीडियमने चिकटवा. आयएस ३०३ या भारतीय मानकाचे ‘एमआर’ प्लाय ओलावा काही प्रमाणात सोसते, पाणी नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन, पाणी सोसणारे. घेताना शीटवर बोटाच्या पेराने टकटक करत जा. आवाज पोकळ आला तर आत थरांमध्ये फट आहे. कडेवर बारीक भोके किंवा पिठासारखी भुकटी दिसली तर भुंगेरा लागलेला आहे, दुकानदार काहीही म्हणो.

हार्डबोर्ड मिळाला तर ३ मिमीचा छोट्या कामांना उत्तम, गुळगुळीत बाजूने. तेल पाजलेला ‘टेम्पर्ड’ असेल तर आधी हलका घासा आणि स्पिरिटने पुसा. सनबोर्ड शाळेच्या प्रकल्पापुरता ठेवा. उन्हात तो वाकतो.

मोठ्या आणि टिकाऊ कामाला आमच्या मते आज एसीपीला तोड नाही. दुकानांच्या नावाच्या पाट्या करणारे वापरतात तीच ॲल्युमिनियमची शीट: दोन पातळ पत्रे, मध्ये प्लास्टिकचा थर. ओलीने फुगत नाही, वाळवी लागत नाही. ३ × ४ फुटांची ४ मिमीची शीट पाच-सहा किलो भरते. पत्र्याची जाडी विचारून घ्या. फार पातळ पत्रा बोटाच्या दाबानेही दबतो. वरचा लेप पॉलिस्टरचा हवा. इमारतींच्या दर्शनी भागासाठी असलेल्या पीव्हीडीएफ लेपावर काहीच चिकटत नाही, तेच त्याचे काम. संरक्षक फिल्म काढून २२० ने चकाकी जाईपर्यंत घासा, स्पिरिटने पुसा, मग जेसो. दोन दिवसांनी एका कोपऱ्यावर ब्लेडने बारीक चौकटी पाडून चिकटपट्टी लावून ओढा. तुकडे निघाले तर पुन्हा घासण्यावाचून सुटका नाही. कडा धारदार असतात, त्या कानशीने मारा.

रेखाटनासाठी हीच पाटी चालते, फक्त शेवटचा थर वेगळा. पेन्सिलीला ४०० पर्यंत घासलेला जेसो छान लागतो, चांदीच्या सुईने काढायच्या रेषेलाही. कोळसा आणि पेस्टलला दात, म्हणजे खरखर, हवेत: जेसोमध्ये प्यूमिसची किंवा संगमरवराची बारीक भुकटी मिसळा. पांढऱ्या रांगोळीने भागेल का, असे पुष्कळ जण विचारतात. दाणा एकसारखा नसतो, आणखी काय मिसळले आहे तेही कळत नाही, सरावाला चालेल.

टांगताना पाटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून सेंटिमीटरभर जाडीचे बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही आणि मागे हवा खेळते. पाठ प्लास्टिकने झाकू नका, आत घाम धरतो. साठवायच्या असतील तर पाट्या उभ्याच ठेवा, जमिनीपासून वर लाकडी पट्टीवर. भिंतीला तिरक्या टेकवून ठेवलेली पातळ पाटी दोन महिन्यांत वाकते.

आपला,
एक कलाशिक्षक, रत्नागिरी